चालता हो

११ फेब्रुवारी

श्रीयुत धाकटे बंधू यांस,

मी पत्र लिहिते आहे याचा अर्थ आपलं बोलणं सुरू झालं असा घेऊ नकोस. काम आहे म्हणून लिहिते आहे. कामापुरतं माणूस शत्रूच्याही दारात जातं, तू तर नुसता भाऊ आहेस.

आई गेल्यानंतर, सगळं आटोपल्यावर, तू चाकाची बॅग ओढत आलास आणि मी तुला जिन्यातच ‘चालता हो’ म्हटलं. ते मी मागे घेतलेलं नाही. पाच वर्षं झाली, शब्द जिथे ठेवला होता तिथेच आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुला लगेच उमाळे येतात.

आता काम. तुझ्या भावजींची नजर गेल्या वर्षी फार उतरली. आंधळे नाहीत. समोर माणूस आहे हे दिसतं, कोण आहे ते दिसत नाही. बस चालवायचा परवाना गेला. डॉक्टर म्हणतात, काठी घ्या आणि खुशाल चाला. हे म्हणतात, “ज्या रस्त्याने मी बस नेली, त्या रस्त्याने आता काठी आपटत जाऊ?” झालं. वरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. ती खुर्ची खालच्या दुकानात मीच शिवलेली, म्हणून शिव्याही स्वतःलाच द्याव्या लागतात. इतक्या चांगल्या स्प्रिंगा घालायला नको होत्या.

त्यांचे जुने कंडक्टर अधूनमधून येतात. त्यांच्याशी बोलताना एकदा हे म्हणाले, “कुत्रं असतं तर गेलो असतो. कुत्र्याला फिरवणं हे काम झालं. नुसतं फिरणं म्हणजे रिकामटेकडेपणा.” अख्ख्या वर्षात एवढं एकच वाक्य मला धरायला मिळालं. मी ते धरून बसले.

इथल्या प्राण्यांच्या निवाऱ्यात गेले. तिथल्या बाईने आमची वयं विचारली, जिना आहे का विचारलं, यांच्या नजरेचं विचारलं आणि गोड हसून म्हणाली, “तुम्ही मांजर का नाही बघत?” मी म्हटलं, “मांजराला दोरी बांधून आमचे हे बसडेपोपर्यंत जातील का?” तर म्हणे, “आम्हाला प्राण्याचं हित बघावं लागतं.” माझ्या नवऱ्याचं हित बघणारा निवारा कुठे आहे ते मात्र तिला सांगता आलं नाही.

मग कंडक्टरांनीच शोध लावला की परदेशातले काही निवारे आपली कुत्री बाहेरच्या देशांत देतात. त्यांच्याकडे रस्त्यावरून उचलून आणलेली इतकी आहेत की ठेवायला जागा नाही. त्यातल्या एकाला मी विचारलं. जिना चालेल म्हणाले, वय चालेल म्हणाले. अट एकच: घरचं कुणीतरी प्रत्यक्ष येऊन कुत्रा बघेल, मगच देऊ. फोटोवर देत नाहीत. माझ्याकडे पासपोर्ट नाही. यांच्याने आपला जिना उतरवत नाही. आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात त्या देशात जाऊन राहिलेला महाभाग एकच आहे.

पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. रविवारी उघडं असतं. जायचं तर जा.

तुझी मोठी बहीण
(कागदोपत्री)


२ मार्च

श्रीयुत धाकटे बंधू,

पत्र आणि फोटो मिळाले. माझं पत्र हातात पडलं त्याच रविवारी गेलास हेही कळलं. घाई करायला कधी शिकलास? आई होती तेव्हा ही विद्या तुझ्याकडे नव्हती.

असो. फोटो पाहिले. एक कान उभा आहे, एक पडलेला. हे फोटोच्या क्षणी झालं की कायमचं आहे ते तू लिहिलेलं नाहीस. जातीबद्दल तू एकच शब्द लिहिलास: ‘मिश्र’. अरे, मिश्र धाग्याचं कापड मी जन्मभर ओळखत आले, त्यात दोन धागे असतात. या प्राण्यात तर गोदामात उरलेला सगळा माल वापरून टाकलेला दिसतो. छाती एकाची, पाय दुसऱ्याकडून उसने आणलेले, आणि शेपूट ज्याचं आहे तो ते परत मागायला येईल असं वाटतं. यांना मी सगळं वर्णन करून सांगितलं. हे म्हणाले, “म्हणजे आपल्या डेपोतल्या जुन्या बससारखा. प्रत्येक पार्ट वेगळ्या गाडीचा, पण धावायची.” आणि हसले. मुद्दाम कळवते आहे असं नाही, ओघात आलं.

तू लिहितोस की वय दीड वर्ष, स्वभाव शांत, काही त्रास देणार नाही. ‘शांत’ खाली तू रेघ मारली आहेस. ती का मारलीस?

तिकडच्या निवाऱ्यातल्या बाईचा फोन आला होता. आपली भाषा मोडकीतोडकी बोलते, पण चौकशा मात्र अखंड. दिवसातून किती वेळ घरी असता? आवाज चढवून बोलता का? मी म्हटलं, “नाही,” आणि माझाच आवाज चढला. मग विचारते, “तुमच्यापैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर कुत्र्याला कोण बघेल?” मी म्हटलं, “बाई, आमच्यापैकी एकाचं काही झालं तर दुसऱ्याला कोण बघेल हे आधी विचार.” ती म्हणाली, “ते आमच्या कागदात नाही.” बरोबर आहे. ते कुणाच्याच कागदात नसतं.

शेवटी तिथे मी तुझं नाव सांगितलं. दुसरं कुणी सुचलं नाही म्हणून. लगेच भरून येऊ देऊ नकोस.

आणि हे मला पटलेलं नाही, पण लिहून ठेवते: त्या कुत्र्याला पासपोर्ट आहे. फोटोसकट. आयुष्यात मी एकदाही सीमा ओलांडलेली नाही आणि हा दीड वर्षाचा उंडगा शिक्के मारून घेत इकडे येणार.

मोठी बहीण


१९ मार्च

धाकटे बंधू,

तुझा ‘शांत’ कुत्रा आला. दगडही शांतच असतो.

सकाळी गाडी दुकानासमोर थांबली. ड्रायव्हरने पिंजरा आत आणून ठेवला, दार उघडलं, माझी सही घेतली आणि गेला. हे वरून विचारताहेत, “आला का? कसा आहे?” मी काय सांगणार? मला नाक दिसत होतं. दुपारपर्यंत नाकच दिसलं. संध्याकाळी दुकान झाडायला वळले तेवढ्यात हा पिंजऱ्यातून निघाला आणि सरळ सोफ्याच्या पोटात शिरला.

कुणाचा सोफा? दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. त्यांच्या दवाखान्यात पेशंट बसतात तो. मी त्याचं मागचं कापड उसवून ठेवलं होतं, स्प्रिंगा उघड्या होत्या, पट्ट्या नव्याने ताणायच्या होत्या. आता त्या स्प्रिंगांच्या खाली हे ध्यान पडून आहे. मला हात घालता येत नाही. डॉक्टरीणबाईंचा रोज फोन. पेशंट उभे आहेत म्हणतात. मी त्यांना काय सांगू, तुमच्या सोफ्यात परदेशी पाहुणा उतरलाय?

यांना मी तसं म्हणाले तर यांनी तेच नाव ठेवलं. पाहुणा. वरून हाका मारतात, “पाहुण्या, वर ये रे!” तू त्या निवाऱ्यातले ये-बसचे शब्द देवनागरीत लिहून पाठवले होतेस ना, तो कागदही कंडक्टरांनी यांना वाचून दाखवला. सगळे पाठ केलेत. जिन्याच्या तोंडाशी उभे राहून घोकतात. पाहुण्याने तो उभा कान एकदा वळवला, एवढीच प्रगती.

आता मुख्य तक्रार. याला जिना येत नाही! अरे, कुत्र्याला जिना येत नाही असं कधी ऐकलंयस? एकदा मी दोरी बांधून पायरीपर्यंत नेला. पुढचे दोन पाय पहिल्या पायरीवर ठेवले, आणि असा थरथरायला लागला की मलाच कसंतरी झालं. सोडून दिला. म्हणजे आता स्थिती अशी: हा खाली, वर जायला तयार नाही. हे वर, खाली यायला तयार नाहीत. ज्याच्यासाठी आणला तो आणि जो आणला तो, दोघांची अजून भेट नाही. मधल्या जिन्यात मी, दोघांची ताटं घेऊन खालीवर करते आहे. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, इथे भीक मी स्वतः परदेशातून मागवली.

तू प्रत्यक्ष बघून हो म्हटलंस. काय बघितलंस?

मोठी बहीण


२९ मार्च

अरे शहाण्या,

काल निवाऱ्यातल्या बाईचा फोन आला. काळजीने विचारते, “या वेळी कसं वाटतंय? या वेळी राहील ना?”

या वेळी?

खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. याला आधी दोन घरांनी नेलं आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडलं. कोपऱ्यात बसतो, जवळ येत नाही, दाराचा उंबरा ओलांडायला घाबरतो. बाई म्हणाली, “पण तुमच्या भावाला आम्ही सगळं सांगितलं होतं. त्याने बाकीचे कुत्रे बघितलेच नाहीत. हाच पाहिजे म्हणाला.”

हाच पाहिजे! दोनदा परत आलेला माल बहिणीच्या गळ्यात बांधायचा आणि वर ‘शांत’ खाली रेघ मारायची! माझं गिऱ्हाईक मोडकी खुर्ची घेऊन येतं तेव्हा निदान मोडकी आहे असं सांगून आणतं. आता तू उत्तरात लिहिशील की सांगितलं असतं तर तू घेतला असतास का? नसता घेतला. म्हणूनच सांगायचं असतं. न सांगणं, गप्प राहणं, वेळ निघून गेल्यावर उगवणं, हा तुझा जुना धंदा आहे आणि तुला तो चांगला जमतो.

कुत्र्याची खबर हवी असेल तर घे. मी समजूत घालणं सोडून दिलं. रोज सकाळी दुकान उघडलं की मागचं दार उघडते, त्याचं खाणं परसात ठेवते, सोफ्यावर थाप मारते आणि ओरडते, “चालता हो!” पहिले काही दिवस ढिम्म. मग एका सकाळी निघाला. पोट जमिनीला घासत, भिंत धरून, पण निघाला. आता मी म्हणायचा अवकाश, बाहेर येतो, खातो, परत आत. दुपारी खिळे ठोकताना पायात यायला लागला तरी मी हेच म्हणते. माझ्या तोंडात दुसरं काही येतच नाही. तेवढ्या वेळात डॉक्टरीणबाईंच्या पट्ट्या ताणून झाल्या, अस्तरही लावलं. आता आत शिरता येत नाही म्हणून सोफ्याच्या मागे झोपतो.

तुझे भावजी माझं ओरडणं ऐकायला जिन्याच्या मध्यापर्यंत आले होते. ती करकरणारी पायरी वाजली म्हणून मला कळलं. मी वर बघितलं तर म्हणतात, “मला वाटलं मलाच म्हणते आहेस.” मी म्हटलं, “तुम्हाला म्हणायचं असतं तर ‘चालते व्हा’ म्हटलं असतं, तेवढी रीत आहे मला.” तिथेच पायरीवर बसले. बराच वेळ बसून होते. कुत्रा सोफ्यामागून त्यांच्याकडे बघत होता.

यामुळे तुझा गुन्हा कमी होत नाही. खरं सांग, हाच का?

मोठी बहीण


१४ एप्रिल

तुझं उत्तर आलं. ‘हाच का’ एवढंच विचारलं होतं. तू भलतंच लिहिलंस.

तू म्हणतोस, बाई त्या कुत्र्याला उंबऱ्यापाशी घेऊन आली, तो तिथे थरथरत उभा राहिला, आणि तू त्याला ओळखलंस. कारण तूही तसाच उभा होतास. आपल्या जिन्यात. आई असताना.

मी ते वाक्य वाचलं आणि हातातली सुई बोटात गेली.

आई असताना तू आला होतास! समोरच्या गल्लीतल्या लॉजवर उतरला होतास! एका संध्याकाळी जिना चढायला लागलास, करकरणाऱ्या पायरीवर पाय पडला, ती वाजली आणि तू मागे फिरलास. आणि मग त्या लॉजच्या खोलीत पडून राहिलास, ती जाईपर्यंत. आम्ही तिला नेलं ते तू खिडकीतून बघितलंस. त्यानंतर बॅग घेऊन दारात!

मला वाटलं होतं ती बॅग विमानतळावरून आणलीस. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही, हे पाच वर्षं मला कुठेतरी टोचत होतं. ते टोचणं मी फुकट सोसलं. तू गल्ली ओलांडून आला होतास!

भीती वाटली म्हणतोस. मला माहीत आहे तुझी भीती. बाबांच्या वेळी हॉस्पिटलच्या दारातून तू पळाला होतास, तुला शोधत मी सगळा रस्ता पालथा घातला होता, आणि घरी येऊन आईला खोटं सांगितलं होतं की तुला मीच खाऊ आणायला पाठवलं. तेव्हा तू शाळेत होतास. आता तुझे केस पांढरे झालेत. भीती मलाही वाटत होती. रोज सकाळी त्या खोलीचं दार ढकलताना वाटायची. मला कुणी लॉज दिलं नव्हतं.

ती रोज विचारायची. धाकटा कधी येतोय. मी सांगायचे, निघालाय, वाटेत आहे. माझ्या तोंडाने मी तुझी आशा तिला पुरवत होते आणि तू समोर बसून होतास.

कुत्र्याशी स्वतःची बरोबरी करू नकोस. त्याला बोलता येत नाही. त्याला कुणीतरी मारलं असेल, उपाशी ठेवलं असेल, आपल्याला काय माहीत? तुला कुणी मारलं होतं? त्याने कुणाला वाट बघायला लावलेली नाही. आणि शेवटी तो सोफ्यातून बाहेर तरी आला.

आता पत्र पाठवू नकोस. खुशाली हवी असेल तर निवाऱ्याला विचार.


५ मे

धाकल्या,

पत्र पाठवू नकोस म्हटलं तर तू खरंच पाठवलं नाहीस. नको तेव्हा बरा ऐकतोस.

कुत्रा हरवला होता. सापडला, म्हणून लिहिते आहे. तुझं नाव त्या बाईकडे दिलेलं आहे, तेव्हा तुला कळवणं भाग आहे, एवढंच.

झालं असं. डॉक्टरीणबाईंचा सोफा तयार झाला. त्यांनी हमाल पाठवले. मी मागे हिशेबाला बसले होते. त्या दोघांनी सोफा उचलला, आणि त्याच्या मागे झोपलेल्या या बिचाऱ्याच्या डोक्यावरचं घरच उठून चाललं. दुकानाचा जो पुढचा उंबरा ओलांडायला तो महिनाभर घाबरत होता तो एका उडीत पार केला आणि रस्त्यावर दिसेनासा झाला.

मी ओरडले असेन. कारण वरून हे उतरले. हातात काठी. जी काठी वर्षभर कपाटामागे होती ती. एकेक पायरी चाचपत खाली आले आणि म्हणाले, “कुठल्या बाजूला गेला?” मी म्हटलं, “डेपोच्या.” म्हणाले, “चल. तो रस्ता मला पाठ आहे.”

आणि खरंच पाठ होता. मी नुसती धावत होते, हे सांगत होते, आता डावीकडे उतार आहे, आता खड्डा आहे, इथे ट्रक लावतात, खाली बघ. कंडक्टर आले, डॉक्टरीणबाई दवाखाना सोडून आल्या. त्या हातात बिस्किटं घेऊन ‘ये रे माझ्या सोन्या’ करत होत्या. कंडक्टर तुझ्या कागदावरचे परदेशी शब्द ओरडत होते. मी पाहुण्या, पाहुण्या करून घसा बसवला.

डेपोत सापडला. सुटायच्या बेतात असलेल्या बसखाली, मागच्या दोन चाकांच्या मध्ये. गाडी प्रवाशांनी भरलेली, इंजिन सुरू. ड्रायव्हर यांच्याच हाताखाली शिकलेला, म्हणून त्याने इंजिन बंद केलं. पण कुत्रा काही निघेना. सगळे वाकून गोड गोड बोलताहेत आणि तो आणखी आत सरकतोय. प्रवासी वैतागले. एकाने काठीने ढोसा म्हटलं, तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की तो खिडकी लावून बसला. पण मलाही सुचत नव्हतं. वाटलं, हा पण गेला. आता हे पुन्हा खुर्चीत बसणार ते कायमचे.

तेव्हा तुझे भावजी म्हणाले, “अगं, त्याच्या नावाने हाक मार ना.”

“मारते आहे की! पाहुण्या, पाहुण्या!”

“ते मी ठेवलेलं नाव. मी वर असतो, तो मला कशाला ओळखेल? तू त्याला रोज काय म्हणतेस?”

माझ्या लक्षात आलं, पण तोंडातून निघेना. डेपोभर माणसं उभी. हे म्हणाले, “लाजतेस काय, म्हण.”

म्हणून मी बसच्या मागे उभी राहिले आणि रोज सकाळी ओरडते तशी ओरडले, “चालता हो!”

बसमधली एक बाई म्हणाली, “अहो, एवढ्या वयाच्या नवऱ्याला काय असं बोलता!” आणि तेवढ्यात तो निघाला. चाकांमधून, पोट घासत, तो पडलेला कानसुद्धा उभा करून, धावत. आला आणि माझ्या पायांवर बसला. शेजारी नाही, पायांवर. आणि शेपूट असं हलवायला लागला जसं मी त्याला जगातलं सगळ्यात गोड काहीतरी म्हटलंय.

धाकल्या, मी तिथे डेपोतच खाली बसले आणि रडले. त्या बाईला वाटलं मला पश्चात्ताप झाला.

अरे, त्याला बिचाऱ्याला काय माहीत त्याचा अर्थ? तो शब्द ऐकला की दार उघडतं, खाणं असतं, ऊन असतं, आणि मी असते, एवढंच त्याला माहीत. पहिल्या पत्रापासून मी तो शब्द तुझ्यापुढे मिरवते आहे, मागे घेतला नाही, मागे घेतला नाही म्हणून. आणि या गाढवाने तो आपलं नाव म्हणून घेऊन टाकला.

परत येताना दोरी यांनी धरली. कुत्रा ओढत होता, हे मागून चालत होते आणि बसचा प्रत्येक थांबा आला की सवयीने थांब्याचं नाव पुकारत होते. घरी आल्यावर मी इतकी दमले होते की कुणालाही काही न बोलता वर जाऊन पडले. हे माझ्या मागोमाग आले. खाली कुत्रा एकटाच. म्हटलं राहू दे, सकाळी बघू.

थोड्या वेळाने करकरली ती पायरी.

हे म्हणाले, “आला बघ.”

मी उठून बसले. कारण हेच शब्द त्याच खोलीत मी आधी ऐकले होते, आणि तेच मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नाही. रागाने लिहिलं नाही. आता लिहिते आहे ते राग गेला म्हणून नाही.

आईच्या शेवटच्या दिवसांतली एक संध्याकाळ होती. ती डोळे मिटून पडली होती. जिन्यात ती पायरी वाजली, एकदाच. आई म्हणाली, “धाकटा आला बघ.” मी म्हटलं, “कुणी नाही आई. जुनं लाकूड आहे, आपोआप वाजतं.” तर चिडून म्हणाली, “माझ्या पोराचा पाय मला कळत नाही का? घाई करू नकोस त्याला. येईल सावकाश.” आणि झोपली. त्यानंतर तिने तुझ्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं तिला भ्रम झाला. त्या भ्रमापायी मी तुझ्यावर आणखीच जळत राहिले, की बघा, शेवटी माउलीला भास होऊन समाधान मानावं लागलं.

भ्रम नव्हता तो. तू होतास. तुला वर येता आलं नाही, पण तिच्या लेखी तू आला होतास. हे तुला माहीत असायला हवं. ते माझ्याकडे ठेवून मी तुला शिक्षा करत बसावं असं मला वाटलं होतं, पण आता ते मला जमणार नाही.

यावर मी विरघळले असं समजू नकोस. वर आला असतास तर तिने तुझ्या तोंडावरून हात फिरवला असता. तो तू घालवलास, तुझाही आणि तिचाही. त्यावर मला तुझ्याशी पोटभर भांडायचं आहे, आणि पत्रातून नीट भांडता येत नाही. तुझं उत्तर येईपर्यंत माझा मुद्दा शिळा होतो. शिवाय कुत्र्याचा तो कान कायमचा पडलेला नाही, हेही तू येऊन बघ आणि निवाऱ्याला काय कळवायचं ते कळव.

तुझे भावजी आता रोज सकाळी पाहुण्याला घेऊन डेपोपर्यंत जातात. सुतार जिन्याची पायरी दुरुस्त करायला आला होता, मी परत पाठवला. वाजू दे तिला.

लॉज घ्यायचं नाही. पायरीवर थांबावंसं वाटलं तर थांब, कितीही वेळ थांब, तिथे हल्ली कुणी ना कुणी बसलेलंच असतं. पण मागे फिरायचं नाही. आणि आता मी जे लिहिते आहे ते कुत्र्याने ऐकलं तसं ऐक.

चालता हो.

ताई